अतीत कोण?

दुर्गाने तिसरा जिना चढतानाच ठरवून टाकलं, यंदा पिठोरी नाही.

पहाटे पाचपासून ती दादरच्या पोळीभाजी केंद्रात पुऱ्या लाटत होती. पिठोरी अमावस्या म्हणजे खीरपुरीच्या ऑर्डरींचा दिवस. ज्या आयांना घरी तळायला सवड नसते त्या पाकीट घेऊन जातात आणि मुलांना वाण देतात. आता तिचे खांदे असे भरून आले होते की पर्ससुद्धा जड वाटत होती. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी लाटता लाटता आपल्या पोरीचं राहून गेलं, हे काही बरं नव्हे, तिलाही कळत होतं. पण कळून उपयोग काय? कढईचं तोंड पुन्हा बघायची ताकदच उरली नव्हती.

प्रश्न होता आकांक्षाला सांगायचं कसं, हा. दहा वर्षांची पोर, वर्षभर या दिवसाची वाट बघायची. आईने वाणाची थाळी डोक्यावर धरायची आणि मागे न बघता विचारायचं, "अतीत कोण?" म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण. मागे उभ्या लेकीने "मी आकांक्षा" म्हणत थाळी उचलून घ्यायची. मग आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून आयुष्य द्यायचं. एवढंच. पण ते चुकवू नये म्हणतात.

'पुढच्या वर्षी दोनदा करू' असं काहीतरी सांगू, असा विचार करत तिने दार ढकललं.

आकांक्षा दाराकडे पाठ करून बसली होती. दोन्ही हातांनी डोक्यावर स्टीलची थाळी धरलेली.

"अतीत कोण?" तिने विचारलं.

दुर्गाचा एक पाय अजून चपलेतच होता. "कोण नाय गो, मीच," ती सवयीने म्हणाली.

थाळी खाली आली नाही. "असं नाय, आई. कोण नाय म्हटलंस तर मी देऊ कोणाला?"

दुर्गा जवळ गेली. दुपारसाठी झाकून ठेवलेल्या पोळ्या वाटीने गोल कापून पोरीने पुऱ्या केल्या होत्या. वाटीत दूध, साखर आणि कालचा भात, ती खीर. गॅसला हात लावायचा नाही ही ताकीद तिने पाळली होती.

"तू दुपारी जेवलीस काय गो?"

"आधी नाव सांग. हात दुखतायत माझे."

'हात दुखतायत', हेच वाक्य आज दिवसभरात दुर्गाच्या ओठांवर दहादा येऊन मागे फिरलं होतं. तिला एकदम भरून आलं. "मी दुर्गा," ती म्हणाली, आणि स्वतःचंच नाव घेताना उगाच लाजली.

थाळी घेऊन ती तिथेच लादीवर बसली. एक पुरी पोरीला भरवली, एक आपण खाल्ली.

"साखर जास्त झाली?"

"नाय. बरोबर हाय."

आकांक्षा समोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर जमेल तेवढा मोठेपणा आणून म्हणाली, "आता मी आयुष्य देते. किती देऊ? शंभर वर्षं?"

शंभर वर्षं म्हणजे किती पुऱ्या, असं दुर्गाच्या मनात आलं.

"आयुष्य नको, बाय," ती म्हणाली. "आज थोडी झोप दे."

पोर गोंधळली. असं काही मागतात हे तिला ठाऊक नव्हतं. मग तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं. झोप."

दुर्गा भिंतीला टेकली. खाली गल्लीत मंडपाचे बांबू ठोकणं चालू होतं, तरी दोन मिनिटांत तिची मान कलली. हातात घेतलेली दुसरी पुरी तशीच राहिली.

आकांक्षा उभीच होती. हात उचलला तर झोपही उडेल, असं तिला वाटत होतं. बऱ्याच वेळाने तो हात अवघडला, तेव्हा तिने आधी दुसरा हात ठेवला, मग पहिला हळूच काढून घेतला.