पेमाच्या दुकानाची तपासणी

तातेराव साहेब प्रवासी जीपमधून उतरताना दिसले आणि पेमाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

तीन वर्षांपूर्वी याच साहेबांनी सरकारी तपासणीत हळदीच्या पट्ट्यातल्या गोरेगावातलं तिचं जुने मोबाइल दुरुस्त करून विकायचं दुकान बंद केलं होतं. कोणता मोबाइल कुणाकडून घेतला याची नोंद नव्हती, आणि फुगलेल्या बॅटऱ्या मागच्या नाल्यात पडल्या होत्या. चूक तिचीच होती. त्यानंतर दोन हंगाम ती हळद शिजवायच्या कामावर गेली. रीतसर परवाना काढून दुकान पुन्हा उघडल्याला आता कुठं सहा महिने झाले होते.

"बसा साहेब. पाणी देऊ?"

"आधी नोंदवही बघू."

त्यांनी चष्मा लावला. विकणाऱ्याचं नाव, आधारची झेरॉक्स, मोबाइलचा नंबर. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. एका जागी ते थांबलं.

"हे उकंडरावांचं नाव का खोडलं?"

"त्यायच्या मोबाइलमधी गेलेल्या बायकोचे फोटो व्हते. विकायच्या आधी आमी समदं पुसतो ना. तसं सांगितलं तर म्हातारा रडायलाच लागला. मंग मोबाइल वापस देला. बाजूला सही हाय त्यायची."

साहेब बराच वेळ त्या वाकड्यातिकड्या सहीकडं बघत राहिले.

"बॅटऱ्या?"

तिनं पत्र्याचा डबा उघडला. बॅटऱ्या वाळूत नीट ठेवलेल्या होत्या. "दर दोन महिन्याला भंगार मोडणाऱ्या कंपनीची गाडी येते. पावत्या ह्या फाईलीत हायेत."

त्यांनी सगळ्या पावत्या पाहिल्या. तारखासुद्धा.

"दुरुस्त केलेला मोबाइल नवा म्हणून विकत नाही ना?"

"न्हाई साहेब. डब्यावरच लिवते, 'वापरलेला'. गिऱ्हाईक जरा कमी येतं, पण भांडायला कोणी येत न्हाई."

साहेब हसले. त्यांना हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला जास्तच भीती वाटली.

मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. मागच्या खेपेलाही असाच एक कागद आला होता आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं होतं.

"साहेब, काय चुकलं ते तरी सांगा," ती कागदाला हात न लावताच म्हणाली. "येवढ्या तकलीफीनं उभं केलं हो."

"वाचा तर."

तिनं वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. आणि तोंडाला पदर लावून ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

'मी गेल्या महिन्यात सेवानिवृत्त झालो असून घरी बसवत नाही. तरी आपल्या दुकानात नोंदवही लिहिण्याच्या कामावर मला घ्यावे, ही नम्र विनंती.'