तिळाएवढी खूण

ऑपरेशन थिएटरमधून मावशी डबी घेऊन लगबगीने रेडिओलॉजिस्ट बाईंकडे आल्या. "सर म्हणाले, हातातलं सोडा नि आधी हे बघा. पोरगी टेबलावर आहे."

डबीत स्तनातून काढलेला तुकडा होता, लिंबाएवढा. त्यात बाईंनी सकाळी सोडलेली बारीक तार. गाठ हाताला लागतच नव्हती. तारेचा माग काढत सर्जनने कापायचं, निघालेल्या तुकड्याचा एक्स-रे फोटो बाईंनी बघायचा, आणि त्या 'आली' म्हणेपर्यंत टाके घालायचे नाहीत.

अंधाऱ्या खोलीत पडदा उजळला. तार होती. गाठीत पूर्वी तपासणीच्या वेळी ठेवलेली धातूची तिळाएवढी खूण मात्र नव्हती. बाईंनी फोटो मोठा केला, फिरवला, डोळ्यांत तेल घालून पाहिला.

फोन वाजला. "काय मॅडम, शिवू ना?"

"नका. गाठ आलेली नाही."

"अहो, तार आलीये की अख्खी!"

"तार आली, गाठ मागे राहिली. तार सरकली असणार. आणखी आत, छातीच्या बाजूने घ्या."

"मॅडम, कोवळं वय आहे हो तिचं. उगाच आणखी लचका नको तोडायला. खात्री आहे?"

दर आठवड्याच्या बैठकीत सगळे असतात: कापणारे, औषधं देणारे, काचेवर पेशी बघणारे. तिथे वाद होतात, कुणी कुणाचा चहा ढापतं, आणि निर्णय सगळ्यांचा असतो. आत्ता बाई होत्या आणि पडदा होता.

"खात्री आहे," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि टेबलाची कड धरून बसून राहिल्या.

मावशी पुन्हा आल्या. हा तुकडा सुपारीएवढा. पडदा उजळला, आणि पांढुरक्या सावलीच्या पोटात, धान्यात खडा चमकावा तशी खूण. चारी बाजूंनी मोकळी जागा.

"आली," बाई फोनवर म्हणाल्या. "पुरती आली."

"सुटलो! चला रे, टाके द्या." पलीकडे हशा झाला, भांडी वाजली, कुणी गुणगुणू लागलं. मग फोन बंद झाला.

यंत्रांपायी खोली गारठलेली असते. बाई अंगावरची शाल तशीच घेऊन बाहेर आल्या. थिएटरच्या दारासमोर बाकावर एक जण बसली होती. सकाळच्या पोरीचंच नाक, तेच डोळे. मोठी बहीण असावी. बाईंची पावलं तिथे अडली. निकाल सर्जनने सांगायचा, अशी तिथली रीत.

त्या शालीकडे बघत बहिणीने विचारलं, "तुमचंही आहे का हो कुणी आत?"

"आहे."

"कोण?"

बाईंनी तोंड उघडलं. नातं सापडेना.

"राहू द्या, नका सांगू. मलाही कुणी विचारलं की भरून येतं." बहिणीने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली, सरकून जागा केली. "बसा इथे. एकटीने वाट बघवत नाही."

बाईंची वाट बघून झाली होती. त्या बसल्या.