ऐन लढाईत

जन्मभर लोकांच्या घरात वायरिंग करून हात राठ झालेला म्हातारा कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला आणि जुना पॉवर सप्लाय धाडकन काउंटरवर ठेवला.

"ह्याच्या जागी दमदार दे. गेमसाठी नवं कार्ड बसवलंय, त्याचा लोड ह्याला झेपत नाही. ऐन लढाईत कॉम्प्युटर मान टाकतो."

"नातवाचा का, काका?"

"माझा."

दुकानदार गालात हसला. "साडेपाचशे वॅटचा न्या. भागेल."

"'भागेल' म्हणणाऱ्यांच्याच घरचे फ्यूज बांधत हयात गेली माझी. साडेसातशेचा काढ."

"बरं, नेमका कधी बंद पडतो?"

"लेक हेडफोनमध्ये ओरडते ना, 'बाबा, मागे व्हा, मागे व्हा!' अगदी तेव्हा. ती नोकरीला लांबच्या देशात, मी इथं. रविवारी दोघं मिळून खेळतो."

"म्हणजे तुम्ही मरता, एवढंच ना? त्यासाठी एवढा मोठा सप्लाय?"

"मरायचं काय घेऊन बसलास! मी पाच मिनिटांत गारच होतो." म्हाताऱ्याने साडेसातशेचा खोका काखेत मारला. "फोनवर ती दोन मिनिटांत 'ठेवते हं बाबा' म्हणते. पण गेममध्ये मी मेलो की एकटी लढते, आणि लढता लढता तासभर माझ्या कानात बोलते. जेवलात का, गुडघा काय म्हणतोय... मला मेलेलं चालतं रे राजा, बंद पडलेलं चालत नाही."