बरणीतली चिठ्ठी

“खुनी म्हणे माळीकाका! तीन वर्षं मूर्ख बनवलं आपल्याला!” रहस्यमालिका संपताच वैजयंतीच्या नणंदबाईंनी उशी आपटली. त्यांच्या यजमानांना मात्र हाच शेवट पटला होता. दोघांची जुंपली.

शुक्रवारी आलेला शेवटचा भाग सगळ्यांनी रविवारी एकत्र बघायला राखून ठेवला होता. तो लावण्याआधी प्रत्येकाने खुन्याच्या नावाची चिठ्ठी बरणीत टाकली होती. त्या उघडल्या, तर एकट्या विद्याधरची बरोबर!

“दादा, कसं ओळखलंस रे?”

“डोकं लागतं!”

वैजयंतीनेही नवऱ्यासाठी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग चिठ्ठी वाचली. ‘दिगंबर कारखानीस.’ माळीकाकांचं हे खरं नाव तर शेवटच्या प्रसंगातच पहिल्यांदा कळलं होतं.

शुक्रवारी तेच डोकं ठणकतंय म्हणून तो घरी थांबला होता. एकटीच लग्नाला निघालेली ती दारातून परतली होती, त्याच्या कपाळाला बाम चोळायला.