न मोडणारं चाक

बाबांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत तेच दातेरी चाक. पुन्हा तीन दाते उडालेले.

"मोडलं," ते म्हणाले. "तुझ्या खेळण्यांचा काही भरवसा नाही."

लेकीने चाक उचलून पाहिलं. बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राचं चाक. यंत्र इतकं जुनं की त्याचे सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. म्हणून गेलं वर्षभर ती आपल्या थ्रीडी प्रिंटरवर हे चाक छापून देत होती. दर महिन्याला ते मोडायचं, तेही नेमकं बेकरीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी.

तिची काही तक्रार नव्हती. बेकरी सोडून तिने हा कारखाना काढला, तेव्हा बाबांनी तीन वर्षं अबोला धरला होता. तो या चाकामुळे सुटला. छपाईला तीन तास लागायचे. तेवढा वेळ बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, आणलेला ताजा पाव तिला खायला लावायचे आणि तिच्या एकेका यंत्राला नावं ठेवायचे. कौतुक करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तरी ते तीन तास तिच्या महिन्यातले सगळ्यात सुखाचे असायचे.

आज कारखान्यातल्या तिच्या भागीदारणीने तिला कोपऱ्यात गाठलं. "अगं, नवा प्रिंटर आलाय ना? नायलॉनच्या थरांत कार्बनचा धागा घालून छाप की. दहा वर्षं बघायला नको. जगाला पक्का माल देतेस आणि बापालाच कच्चा?"

हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. कार्बनच्या धाग्याचं रीळ महिनाभर डोळ्यांसमोर होतं आणि ती त्याच्याकडे काणाडोळा करत होती. चाक मोडलं नाही तर बाबा कशाला येतील?

मग तिची नजर बाबांच्या हाताकडे गेली. अंगठा काळानिळा पडला होता.

"हे काय, बाबा?"

"काही नाही. यंत्र उघडताना चेमटला," बाबा प्रिंटरकडे बघत म्हणाले.

तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या तीन तासांच्या सुखासाठी बापाची बोटं ठेचायची? तिने नवा प्रिंटर लावला. त्याची एक तोटी नायलॉनचा थर घालायची, दुसरी प्रत्येक दात्याभोवती काळा, केसासारखा धागा फिरवायची. बाबा स्टुलावरून पुढे वाकून बघत राहिले.

"हे किती टिकेल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आता मोडणारच नाही."

बाबांचा चेहरा पडल्यासारखा तिला वाटला. पण त्यांना कधी कशाचं कौतुक होतं?

एक महिना गेला. दुसरा गेला. फोन केला की बाबा म्हणायचे, "चाक ठीक आहे," आणि ठेवून द्यायचे. खिडकीजवळचं स्टूल रिकामं राहिलं. आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला रोज वाटायचं. मग अंगठा आठवायचा आणि ती पुन्हा कामाला लागायची.

तिसऱ्या महिन्यात, बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी, बाबा दारात उभे राहिले. एका हातात पावाची पिशवी. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला नवी पट्टी. त्यांनी टेबलावर रुमाल उलगडला.

चाक अख्खं होतं. एकही दाता उडाला नव्हता. पण दोन्ही बाजूंना गोल गोल चेपल्याच्या खुणा होत्या, एकीवर एक, मोजता येणार नाहीत इतक्या. आणि चाकाशेजारी बाबांची जुनी हातोडी होती. तिच्या दांड्याचे दोन तुकडे झाले होते.

"हातोडीचा दांडा मोडला," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "करून देशील?"

तिने चाकाकडे पाहिलं. हातोडीकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिने स्टूल ओढून बाबांसमोर ठेवलं.

"देईन की. पण साध्या प्लास्टिकचा," ती म्हणाली. "महिन्याच्या वर टिकणार नाही, आधीच सांगून ठेवते."