सातवी प्रत

सुगंधाबाईंनी कागदाच्या पाठीवरून बोटाचं टोक फिरवलं. पहिल्या कागदाला अक्षरांचा उठाव स्पष्ट लागत होता. चौथ्यापर्यंत तो कमी कमी होत गेला. सातव्या कागदाची पाठ सपाट होती.

त्या जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. इतिहासाच्या पुस्तकाची ग्रंथालयात एकच प्रत होती आणि ती बाहेर नेता येत नसे. म्हणून १९५३ पासून दर उन्हाळ्यात इतिहासाचे गिरधर सर पुस्तक वाचून दाखवत आणि बाई सात कागदांत सहा कार्बन घालून कडक पेन्सिलीने लिहीत. जी सहा मुलं कागद आणून देत, त्यांना वरच्या सहा प्रती. ज्याला कागदही आणता येत नाही, त्याला सातवी फुकट. या योजनेचा सरांना फार अभिमान होता.

पहिल्या वर्षी सातवी प्रत पुनाने नेली. तो इतिहासात नापास झाला. दुसऱ्या वर्षी ती कौतिकला मिळाली. तोही नापास झाला. तिसऱ्या वर्षी बाईंनी पेन्सिल अधिक दाबून धरली. टोक दोनदा मोडलं. ती प्रत यावलच्या वरच्या एका पाड्यावरून आलेल्या सिंगाने नेली.

"तुनं पुस्तक धुई टाकेल शे का रे?" वरची प्रत नेणारा रतिलाल त्याची पुसट पानं बघून भर वर्गात विचारी. सिंगाही हसे.

आज तो प्रत परत करायला आला होता. निकाल लागला होता. नापासाला फी माफ होत नाही. जंगलातल्या रस्त्यावर खडी फोडायचं काम मिळालं होतं आणि दुपारची बस गाठायची होती.

"इतिहास माझ्या डोक्यात बसतच नाही, बाई," तो म्हणाला. "पण पुस्तक नीट ठेवलंय. पुसट होतं तिथं सगळं गिरवून काढलं. पुढच्याला त्रास नको."

बाईंनी पानं उलटली. ओळ न् ओळ गिरवलेली होती. जिथं काहीच उमटलं नव्हतं, तिथंही त्याने अदमासाने भरलं होतं. एक पेशवा स्वतःच्या मृत्यूनंतर नऊ वर्षं लढत होता. एक तह भलत्याच गावी झाला होता. अक्षर वळणदार होतं, कुठे खाडाखोड नव्हती. परीक्षेत त्याने हेच लिहिलं असणार, शब्दन् शब्द.

"वा! किती जपलंय पाहा," पुस्तक घेऊन समोर बसलेले सर म्हणाले. "सुगंधाबाई, यंदाची सातवी आमश्याला ठेवा. परवाच दाखल झालाय, सिंगाच्याच पाड्यावरचा. हीसुद्धा त्यालाच द्या, ताडून बघायला."

सिंगाचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच.

बाईंनी ती प्रत मिटली आणि स्वतःकडे ओढली. मग यंदाच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद काढून सरांपुढे ठेवला.

"आणि ज्यांनी कागद आणले, त्यांना काय सांगू?" सरांनी विचारलं.

बाई सिंगाकडे बघत होत्या.

"दुसऱ्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं, सर. दोनावरून नियम ठरत नाही, म्हणून मी तिसऱ्याची वाट पाहिली. तो हा. यापुढे फुकटची प्रत पहिली."