भिवाजीनं माय म्हटलं

"माय, पानी देतं का?"

द्वारकाबाई तूर पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं. दारात तिचा भिवाजी उभा होता, आदिलाबादच्या बसनं आलेला, धुळीनं माखलेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे 'माय' तिलाच म्हटलं होतं. तरी तिनं एकदा मागं वळून पाहिलं.

का नाही पाहणार? चाळिशीला टेकलेला हा मास्तर जन्मात तिला माय म्हणाला नव्हता. तीन वर्षांचा असताना एकदा 'ए बुढे, भाकर दे' म्हणाला, अख्खी गल्ली पोट धरधरून हसली, आणि तेच तोंडी बसलं. शाळेत गेला तरी बुढी. नोकरी लागली तरी बुढी. लग्नाच्या मांडवात, चारचौघांत, 'बुढे, माहे जोडे कुठी हाय?' वांकिडी गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. मिसरूड फुटलं की मायबापाला बुढाबुढी म्हणणारे तिथे ढीगभर. हा थोडा लवकर सुरू झाला, एवढंच.

आणि आता माय! तेही एकदा नाही. त्यानं विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणलं. अंबाडीची भाजी नाक न मुरडता खाल्ली. वर विचारतो कसा, "माय, गुडघे दुखते का तुहे?" गुडघे दहा वर्षांपासून दुखत होते. कुठंतरी पाणी मुरत होतं, यात शंकाच नाही.

शेजारच्या चंपाबाईनं कुंपणावरून सगळं ऐकलं होतं. तिचे कान म्हणजे कान.

"वावराचा पट्टा कोनाच्या नावानं हाय वो?" तिनं हळूच विचारलं.

"माह्या."

"मंग झालं! वावर नावावर कराले मंडल हापीसात अंगठा लागते, बाई. मधाचं बोट लावून राह्यला तुले."

सरकारनं द्वारकाबाईला दीड एकर दिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात निंदण केलेल्या बाईला ते दीड एकर म्हणजे राज्य होतं. तिनं गुपचूप पट्ट्याचं पुस्तक पेटीतून काढलं आणि गोधड्यांच्या तळाशी सरकवलं. पोटच्या पोरापासून लपवते म्हणून तिची तिलाच लाज वाटली. पण पुस्तक काही तिनं परत पेटीत ठेवलं नाही.

आणि खरं सांगायचं तर जमिनीची भीती ही वरवरची. खालची भीती वेगळीच होती. तिचा नवरा मोतीराम, भिवाजीचा बाप, पोरगा चार वर्षांचा असताना असाच एका दिवसात गोड झाला होता. कधी नव्हे ते घागर उचलून आणली, 'दमली का?' म्हणून विचारलं. सकाळी उठून बल्लारशाकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. मागून कळलं, तिकडे त्यानं दुसरं घर मांडलं. तेव्हापासून या घरात कुणी गोड बोललं की द्वारकाबाईचे हातपाय गार पडत. नवरा गेला ते तिनं सोसलं. पोरगा गेला तर कुणाच्या तोंडाकडे पाहून जगायचं?

सकाळी चहा पिता पिता भिवाजी म्हणाला, "माय, चाल माह्यासंगं आदिलाबादले."

"काऊन?"

"राह्य चार दिवस. पोरं आठवन काढते तुही."

"हापीसात जाचं हाय का?"

"नाई."

"बदली झाली का तुही? लांब कुठी?"

"नाई वो, माय."

बस्स! पुन्हा तो शब्द ऐकला आणि तिचा बांध फुटला. ती उठली, गोधड्या भराभर उपसल्या आणि पुस्तक त्याच्या पुढ्यात आदळलं.

"घे! अंगठा पाह्यजे त अंगठा घे. सोडून जाचं असन त जाय. पन तुह्या बापासारखं गोड बोलून जाऊ नको रे. बुढी म्हन, आन जाय!"

भिवाजीनं पुस्तकाला हातही लावला नाही. कपबशी खाली ठेवली.

"बाप भेटला मले," तो म्हणाला.

द्वारकाबाई होती तिथेच खाली बसली.

"कवा?"

"मंगळवारी. शाळेत आला होता पुसत पुसत. दात पडले, नजर गेली. म्या ओळखलंच नाई. त्यानंच वळख देली. आन मंग पयलाच सवाल केला. मी कसा हाय, काय हाय, काई नाई. म्हने, 'बुढी हाय का अजून?'"

वर्गात पन्नास पोरांना गप्प बसवणारा माणूस, आता पोरासारखा बोटानं जमिनीवर रेघा ओढत होता.

"मी म्हनतो तसाच म्हने तो. सूरबी तोच. तवा समजलं मले, हा शब्द म्या कोनाच्या तोंडचा उचलला. रातभर झोप नाई आली."

द्वारकाबाईला रडू आलं नाही. ती फक्त पोराच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"माय," त्यानं विचारलं, "तो गेला तवा तू किती वर्साची होती?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिला मनातल्या मनात जुळवून पाहावं लागलं.

"बावीस," ती म्हणाली.